नावं पडद्यावर येत असताना

१९५५ साली ओटो प्रेमिंजरच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटाची रिळं अमेरिकेतल्या थिएटरांत पोचली, तेव्हा डब्यांवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ती प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी होती. नावं सुरू व्हायच्या आत पडदा उघडा, एवढंच तिचं म्हणणं. आज ही सूचना विचित्र वाटते. पण त्या काळी श्रेयनामावली बऱ्याच ठिकाणी बंद पडद्यावरच पडायची. नटांची, संगीतकाराची, कॅमेरामनची नावं कापडाच्या चुण्यांवरून वाहून जायची, लोक अंधारात आपापल्या खुर्च्या चाचपडत असायचे, आणि गोष्ट सुरू होण्याच्या बेताला पडदा बाजूला सरकायचा. प्रेमिंजरनं या नावांचं काम सॉल बॅस या ग्राफिक डिझायनरकडे दिलं होतं. बॅसनं जे केलं होतं ते चुण्यांवर पडलं असतं तर वायाच गेलं असतं.

काळ्या पडद्यावर वरून एक पांढरी पट्टी उतरते. मग आणखी पट्ट्या येतात. नावं येतात, जातात. पट्ट्या कधी उभ्या, कधी आडव्या, कधी तिरक्या होतात. एल्मर बर्नस्टाइनचं जॅझ अंगावर धावून येतं. शेवटी पट्ट्यांमधून एक वेडावाकडा, मोडून पुन्हा बसवल्यासारखा हात तयार होतो. चित्रपटाचा नायक फ्रँक मशीन जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटतो, ड्रम वाजवून पोट भरायचं स्वप्न बघतो आणि हेरॉइनमधून सुटायची धडपड करतो. फ्रँक सिनात्रा अजून पडद्यावर आलेलाही नाही. तरी त्या पट्ट्या ज्या तऱ्हेनं येतात, म्हणजे एकदम येतात, थबकतात, पुन्हा एकदम येतात, त्यावरून एका बेचैन शरीराची ओळख आपल्याला होऊन जाते. पट्टीला चेहरा नसतो. तिला फक्त वेग असतो आणि थांबणं असतं.

ॲनिमेटेड टायटल्सबद्दल जे लिहिलं जातं त्यात रंग, अक्षरं, चित्रशैली यांची चर्चा भरपूर असते. गतीबद्दल क्वचितच कुणी बोलतं. माझं मत असं झालं आहे की या दोन-तीन मिनिटांत खरं काम गतीच करते. टायटल्समधल्या आकृतीला संवाद नसतो, भूतकाळ नसतो, पुष्कळदा नाक-डोळेही नसतात. ती कोण आहे हे सांगायला तिच्याजवळ एकच साधन उरतं: ती किती वेळात पाऊल टाकते, कुठे रेंगाळते आणि संगीताच्या आधी पोचते की नंतर.

पावलाचा हिशेब ॲनिमेटर लोक फार बारकाईनं करतात. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम धावतात. रिचर्ड विल्यम्स या ॲनिमेटरनं आपल्या 'द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' या पुस्तकात चालीचं गणितच मांडून दिलं आहे. एका पावलाला १२ फ्रेम दिल्या, म्हणजे सेकंदाला दोन पावलं पडली, की कामावर निघालेला माणूस होतो. लष्करी कवायतीची चालही हीच. १६ फ्रेम दिल्या की तो संध्याकाळी फिरायला निघालेला असतो. २० फ्रेमला तोच माणूस म्हातारा किंवा दमलेला दिसतो. ८ फ्रेमला कार्टूनमधली तुरुतुरु चाल होते, ४ फ्रेमला जीव घेऊन पळणं. चित्र तेच ठेवा, कपडे तेच ठेवा, फक्त पावलामागे चार फ्रेम वाढवा. त्याचं वय वाढतं, त्याच्या अंगावर दिवसभराचं ओझं येतं. ॲनिमेटरच्या टेबलावर जी एक्सपोजर शीट असते, कुठलं चित्र किती फ्रेम टिकणार हे जिच्यात रकान्या-रकान्यांतून भरलेलं असतं, ती मला पटकथेइतकीच महत्त्वाची वाटते. स्वभाव तिथेच लिहिला जातो.

विल्यम्सचं नाव घ्यायला आणखी एक कारण आहे. पिंक पँथर मालिकेतल्या १९७५ आणि १९७६ च्या चित्रपटांची टायटल्स त्याच्या स्टुडिओनं केली. आणि गतीतून पात्र घडवण्याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे पिंक पँथरच, १९६३ च्या पहिल्या चित्रपटातला.

ब्लेक एडवर्ड्सच्या त्या चित्रपटात 'पिंक पँथर' हे एका हिऱ्याचं नाव आहे. हिऱ्यातल्या एका खोटीत झेप घेणाऱ्या प्राण्याचा भास होतो, म्हणून ते नाव. जिवंत पँथर चित्रपटात कुठेच नाही. तो आहे फक्त टायटल्समध्ये. वॉर्नर ब्रदर्सनं आपला कार्टून विभाग बंद केल्यावर फ्रिझ फ्रेलेंग आणि डेव्हिड डीपॅटी यांनी नवी कंपनी काढली होती. हे काम तिच्याकडे आलं. पँथरचं रूप हॉली प्रॅटनं ठरवलं. फ्रेलेंगनं वॉर्नरमध्ये कितीतरी वर्षं कार्टून बनवण्यात घालवली होती, आणि त्याची खासियत म्हणजे तो कार्टूनचा वेळ संगीताच्या मात्रांत मोजायचा. कुठल्या ठोक्याला कोण पडणार, कुठल्या ठोक्याला दार उघडणार, हे आधी कागदावर ठरायचं आणि मग चित्रं काढली जायची.

संगीतकार हेन्री मॅन्सिनीनंही इथे असंच काहीसं केलं. त्यानं ॲनिमेटरना आधी एक लय देऊन टाकली. या लयीवर चित्रं करा, त्यात जे धक्के, आघात येतील ते मी नंतर संगीतात पकडतो, असा त्याचा बेत होता. म्हणजे चित्राच्या आधी धून नव्हती आणि धुनेच्या आधी चित्र नव्हतं. दोन्हींच्या आधी होती ती लय. मग त्यानं ती धून लिहिली आणि प्लास जॉन्सनचा टेनर सॅक्सोफोन डोक्यात ठेवूनच लिहिली. आज ही धून जगभरातल्या पोरांना पाठ आहे.

आवाज बंद करून ही टायटल्स बघावीत. पँथर चवड्यांवर चालतो, पण चोरासारखा घाबरत नाही. पाय उचलला की तो क्षणभर वरच राहतो. खाली येताना घाई नसते. हातात लांब नळीची सिगारेट असते. नावांची अक्षरं तो विस्कटतो, त्यांच्याशी खेळतो, आणि काही अंगाशी आलं तर त्याची धांदल एकदम वेगवान होते. पण लगेच तो पुन्हा आपल्या मूळ चालीवर येतो, जणू काही घडलंच नाही. स्वभाव म्हणतात तो हाच. संकटानंतर माणूस किती लवकर आपल्या चालीवर परततो, यावरून आपण रोजच्या जगण्यातही त्याला जोखतो. पँथर एक शब्द बोलत नाही, तरी तो सभ्य आहे, ऐषारामी आहे, थोडा आगाऊ आहे आणि कुणाच्या हाती लागणारा नाही, हे आपल्याला कळून चुकतं. आणि तोवर हिरेचोर असलेल्या सर चार्ल्सच्या, म्हणजे डेव्हिड निव्हनच्या, जगात आपण शिरलेलोही असतो. या टायटल्समधल्या पात्राला लोकांनी इतकं उचलून धरलं की युनायटेड आर्टिस्ट्सनं त्याची स्वतंत्र कार्टून मालिका काढायला लावली, आणि तिच्यातल्या पहिल्याच 'द पिंक फिंक' या लघुपटाला ऑस्कर मिळालं. मुख्य चित्रपटातल्या एकाही पात्राला एवढं आयुष्य लाभलं नाही. इन्स्पेक्टर क्लूसो तेवढा अपवाद.

पात्र असलं की गोष्ट सोपी असते, असं कुणी म्हणेल. पात्र नसताना, नुसत्या रेषा असताना काय? तिथे पुन्हा बॅसकडेच जावं लागतं. आल्फ्रेड हिचकॉकसाठी त्यानं तीन टायटल्स केली: 'व्हर्टिगो' (१९५८), 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) आणि 'सायको' (१९६०). दिग्दर्शक एक, डिझायनर एक, तिन्हींचा संगीतकारही एकच, बर्नार्ड हरमन. काळ सगळा मिळून दोन-अडीच वर्षांचा. तरी तीन चित्रपटांच्या गती एकमेकींशी काही नातं सांगत नाहीत. गतीचा अभ्यास करायला याहून चांगला संच मला माहीत नाही.

'व्हर्टिगो' एका बाईच्या चेहऱ्यापासून सुरू होतो. ओठ, मग डोळे, मग एकच डोळा. तो डोळा लाल होतो आणि बाहुलीच्या आतून फिरत्या वर्तुळांचे भोवरे बाहेर येऊ लागतात. ही वर्तुळं जॉन व्हिटनीनं केली. त्यासाठी त्यानं दुसऱ्या महायुद्धातलं, विमानविरोधी तोफांचा नेम धरणारं जुनं यंत्र कामाला लावलं होतं. यंत्राची गती असल्यामुळे त्यात हाताचा थरकाप नाही. भोवरा एकसारखा, न थकता फिरतो, जवळ येतो, मोठा होतो, निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. हरमनच्या संगीतात सूर वर चढतात आणि त्याच वेळी दुसरे खाली उतरतात, त्यामुळे आपण कुठेच पोचत नाही. नावं मात्र स्थिर असतात. नजर ठेवायला तेवढाच एक आधार. चित्रपटातला स्कॉटी हा उंचीला घाबरणारा निवृत्त डिटेक्टिव्ह एका बाईच्या मागे शहरभर फिरत राहतो, तिला गमावतो आणि पुन्हा तिच्याचसारखी दुसरी घडवू पाहतो. त्याचं सगळं आयुष्य त्याच एका जागी फिरून येतं. टायटल्सचे भोवरे जोरात फिरले असते तर आपल्याला नुसती चक्कर आली असती. ते सावकाश फिरतात म्हणून ओढ लागते. स्कॉटीला झालेला रोग चक्करेचा कमी आणि ओढीचा जास्त आहे, हे बॅसला कळलं होतं.

'सायको'त याच्या उलट. करड्या-काळ्या पट्ट्या डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून धावत येतात. नावांची अक्षरं मधोमध कापली जातात, तुकडे सरकतात, जुळतात, पुन्हा फाकतात. हरमननं या चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि ती इथे करवतीसारखी चालतात. दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. त्यानंतर हिचकॉक जे करतो ते मला फार मोलाचं वाटतं. पट्ट्या विरतात आणि दिसतं ते दुपारचं, ऊन खाणारं फिनिक्स शहर. कॅमेरा निवांतपणे इमारतींवरून फिरत एका हॉटेलच्या खिडकीतून आत शिरतो. आत एक तरुण जोडपं लग्नाच्या आणि पैशाच्या अडचणींबद्दल बोलतंय. साधं, रोजचं बोलणं. पण प्रेक्षकाच्या अंगातून ती करवत अजून गेलेली नसते. न्हाणीघरातला तो खून यायला पाऊण तासाहून अधिक वेळ आहे, आणि तोवर जेवढा काळ शांततेत जातो तो सगळा टायटल्समधल्या घाईच्या जोरावर ताणला जातो. हिचकॉकला सुरुवात संथ करता आली, कारण बॅस आणि हरमननं घाई आधीच प्रेक्षकाच्या नाडीत भरून ठेवली होती. टायटल्सची गती चित्रपटाच्या गतीसारखीच असली पाहिजे असा एक समज आहे. 'सायको' तो खोडून काढतो. कधी कधी टायटल्सनं चित्रपटाच्या उलट चालायचं असतं.

मधला 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' थोडक्यात सांगून पुढे जातो. हिरव्या पडद्यावर तिरक्या रेषांची जाळी पडते, नावं लिफ्टसारखी वर-खाली होत जागेवर येतात, मग जाळीची होते न्यूयॉर्कमधली काचेची इमारत, तिच्या काचांत रस्त्यावरच्या गाड्या. खाली माणसांचे लोंढे, आणि तोंडावर बसचं दार बंद झालेला स्वतः हिचकॉक. लगेच नायक लिफ्टमधून बाहेर पडतो, चालता चालता सेक्रेटरीला मजकूर सांगत. जाहिरातवाला, कायम घाईत. त्याला पुढे दोन तास जिवाच्या आकांतानं पळायचं आहे. सवय आधीपासूनच आहे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत एका वेळी एकच गती होती. पण दोन माणसं असतील, एक पळणारा आणि एक पकडणारा, तर? २००२ साली स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'कॅच मी इफ यू कॅन'साठी पॅरिसमधल्या ऑलिव्हिए कुंत्झेल आणि फ्लोरेन्स देगा या जोडीनं टायटल्स केली, आणि या प्रश्नाचं जे उत्तर दिलं ते अजून कुणी मागे टाकलेलं नाही, असं मला वाटतं.

कथा अशी: फ्रँक ॲबॅग्नेल हा पोरसवदा ठग कधी वैमानिक, कधी डॉक्टर, कधी वकील बनून खोटे चेक वटवत फिरतो, आणि एफबीआयचा कार्ल हॅनरॅटी त्याच्या मागावर असतो. टायटल्समध्ये दोघेही काळ्या सावलीसारख्या लहान आकृत्या आहेत. अक्षरांच्या उभ्या रेघा लांबत जातात, पडदा चिरत खाली उतरतात आणि त्या रेघांनीच पुढचं दृश्य तयार होतं: विमानतळ, रस्ता, हॉस्पिटल. या रेघा सगळ्या दृश्यांना सलग जोडतात, कुठे खंड पडत नाही. फ्रँक त्या सलगपणाचाच भाग होऊन जातो. तो चालतो कमी, सरकतो जास्त. एका रेघेआडून वैमानिक म्हणून जातो आणि दुसरीकडून निराळ्या वेशात निघतो. वेश बदलताना त्याची चाल अडत नाही. कार्लचं तसं नाही. त्याची आकृती टोपी-कोटातली, जड. तो येतो, थांबतो, इकडे तिकडे बघतो. ज्या जागी फ्रँक होता तिथे तो पोचतो, पण फ्रँक निघून गेल्यावर. जॉन विल्यम्सच्या संगीतात हीच जोडी आहे: चुटक्या वाजतात, व्हायब्राफोन ठिबकतो, आणि त्यावर सॅक्सोफोन निसटत जातो. विल्यम्सच्या नावावर तोवर मोठमोठ्या वाद्यवृंदांचं संगीत होतं. इथे तो साठच्या दशकातल्या जॅझकडे वळला, जिथे मॅन्सिनी होता.

या टायटल्समध्ये कार्ल जोरात धावत नाही, ही त्यातली मोठी शहाणीव आहे. पाठलाग म्हटला की दोघांनाही पळवायचा मोह होतो, आणि दोघे सारख्याच वेगानं पळाले की दोघांत फरक उरत नाही. इथे एकाला ताल आहे आणि दुसऱ्याला चिकाटी. टॉम हँक्सनं पुढे जो हॅनरॅटी रंगवला आहे, एकटा, विनोद न जमणारा, पण हातचं काम न सोडणारा, तो इथे त्या थांबण्यातच आहे. फ्रँकमध्ये जे नाही ते त्याच्यात आहे: तो एकच माणूस आहे आणि तोच राहतो. चित्रपटाचा शेवट कळल्यावर ही टायटल्स पुन्हा पाहिली तर सहानुभूती कुणाकडे झुकेल हे सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट. या आकृत्या हातानं कोरलेल्या शिक्क्यांच्या ठशांमधून घडवल्या आहेत. खोट्या कागदपत्रांवर जगलेल्या माणसाच्या गोष्टीला शिक्क्याइतकं योग्य साधन दुसरं कुठलं मिळालं असतं?

मालिकांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे तीच टायटल्स आठवड्यामागून आठवडे बघायची असतात. जपानी टीव्हीवरच्या ॲनिमे मालिकांची सुरुवात साधारण ९० सेकंदांत बसवतात. 'काउबॉय बीबॉप'ची (१९९८) सुरुवात त्याच मापात योको कानोच्या धडधडत्या जॅझवर छायाकृती पळवते, आणि तिचा वेग इतका दाट आहे की प्रत्येक वेळी नवं काही सापडतं. 'मॅड मेन' (२००७) याच्या उलट वाटेनं जातं. काळा सूट घातलेला माणूस ऑफिसात शिरतो, ऑफिस कोसळतं, आणि तो जाहिरातींनी मढलेल्या गगनचुंबी इमारतींमधून खाली पडत जातो. पडणं इतकं सावकाश की त्यात घबराट नाही. शेवटी तोच माणूस सोफ्यावर हात टाकून शांत बसलेला पाठमोरा दिसतो. मालिकेचा नायक डॉन ड्रेपर पडतोय आणि ते कुणाला दिसू देणार नाही, हे पहिल्या भागातच कळतं.

आपल्याकडे या कलेचा इतिहास लिहायचा तर मुंबईतल्या फिल्म्स डिव्हिजनपासून सुरुवात करावी लागते. तिथल्या कार्टून विभागाला १९५६ साली डिस्नेचा ॲनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आला. त्या मंडळींतले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरले. त्यांच्या स्वतंत्र कामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कथापटांसाठी त्यांनी केलेल्या तुकड्यांकडे मात्र कमी लक्ष गेलं. 'दो और दो पाँच'सारख्या (१९८०) धमाल हिंदी चित्रपटातही त्यांचं काम आहे. पण मला सतत आठवतो तो सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मधला (१९७७) तुकडा. तो काटेकोर अर्थानं टायटल्स नाही, गोष्टीची प्रस्तावना आहे. पण काम तेच करतो.

लॉर्ड डलहौसीनं अवधबद्दल लिहिलं होतं की हे चेरीचं फळ एक दिवस आपल्या तोंडात पडेल. राय यांनी ती उपमा उचलून चित्रात आणली. संस्थानांचे मुकुट चेरीसारखे एकामागून एक मटकावले जातात: पंजाब, ब्रह्मदेश, नागपूर, सातारा, झाशी. मराठी माणसाला या यादीत दोन-तीन ठिकाणी ठेच लागते. सातारा १८४८ साली खालसा झालं, नागपूर आणि झाशी पुढच्या काही वर्षांत. निवेदन अमिताभ बच्चन यांच्या आवाजात, गमतीदार स्वरात, अजिबात न चढता. चित्रातही घाई नाही. एक फळ, मग दुसरं. या सारखेपणामुळेच अंगावर काटा येतो. मुकुट गिळताना चित्र वेगवान झालं असतं, तर ते क्रौर्य झालं असतं, राग आला असता आणि विरला असता. एकसारख्या गतीनं ते कारभार होतं. आणि लखनौमध्ये दोन सरदार बुद्धिबळ खेळत बसलेत, त्यांचीही गती तीच, निवांत. दोन निवांतपणे शेजारी ठेवले आणि त्यातल्या एकाच्या हातात सैन्य आहे हे दाखवलं, की चित्रपटाचा सगळा आशय आला.

दूरदर्शनवरची 'मालगुडी डेज' (१९८६-८७) ज्यांनी लहानपणी पाहिली त्यांना आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आणि एल. वैद्यनाथन यांची ती गुणगुण एकदमच आठवतात. चित्रं जवळजवळ हलतच नाहीत. एक रेखाटन विरतं, दुसरं उमटतं. तरी त्याला गती आहे, कारण चित्र किती वेळ पडद्यावर ठेवायचं हीसुद्धा गतीच. लक्ष्मण यांच्या रेघेत एरवी मुंबईच्या धावपळीची चपळाई असते. वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र क्षणात वाचून व्हावं लागतं. इथे ती रेघ डोळ्यांपुढे थोडी जास्त ठेवली आणि तिच्यात दुपार शिरली, गाव शिरलं. वेळ असलेली माणसं. दिग्दर्शक शंकर नाग यांना पुढे मालिकेतल्या स्वामीची गोष्ट सांगताना ही हवा नव्यानं तयार करावी लागली नाही.

फ्रेम धरून ठेवणं आणि फ्रेम गाळणं या कलेची आपल्याकडची पाळंमुळं तर याहून जुनी आहेत. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळवायचं म्हणून दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली दादरच्या घरी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करत 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. डोळ्यांना दिसू शकत नाही अशी वाढ पडद्यावर धावू लागली, आणि ते पाहून पैसे लावणारा माणूस तयार झाला. त्यात कथा नव्हती, पात्र नव्हतं. वेळ आवळून दाखवला होता, इतकंच. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९९३ मध्ये, सॉल आणि त्याची पत्नी इलेन बॅस यांनी मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द एज ऑफ इनोसन्स'साठी हेच तंत्र वापरलं. लेसच्या जाळीमागे फुलं उमलतात, एक पुरतं उमलायच्या आत दुसरं, त्यावर तिसरं, आणि वर वळणदार हस्ताक्षर. फुलांची घाई वाढत जाते, लेस मात्र जागची हलत नाही. १८७० च्या दशकातलं न्यूयॉर्कचं ते श्रीमंत जग, जिथे आतून सगळं उसळतं आणि वरून एकही घडी मोडत नाही, त्याची ओळख यापेक्षा अचूक कशी करून देणार? या चित्रपटाला संगीत होतं एल्मर बर्नस्टाइनचं, 'गोल्डन आर्म'वाल्याच.

आता घरबसल्या बघण्याच्या काळात ही सगळी मिनिटं धोक्यात आली आहेत. नेटफ्लिक्सनं २०१७ साली टायटल्स ओलांडून जायचं बटण दिलं. कंपनीनं २०२२ मध्ये सांगितलं की ते दिवसाला साधारण १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. प्रेक्षकाला मी दोष देत नाही. सलग चार भाग बघणाऱ्याला चौथ्यांदा तीच टायटल्स बघायची नसतात. पण ओलांडली जाणारी टायटल्स पुष्कळदा अशीच असतात की ज्यांच्यात गतीचा विचारच नसतो: एकामागून एक धुरकट चित्रं, प्रत्येकाला सारखाच वेळ, खाली गंभीर घुमणारा आवाज. कोणत्याही मालिकेला लावली तरी चालतील अशी. 'कॅच मी'ची टायटल्स दुसऱ्या चित्रपटाला लावून बघा, जमणार नाही. त्यातला कार्ल दुसरीकडे कुठे राहूच शकत नाही.

मराठी चित्रपट बघताना माझा जीव याच ठिकाणी तुटतो. सुरुवातीला निर्मात्यांची बोधचिन्हं, आभारांची लांबच लांब यादी, माध्यम प्रायोजक, आणि मग नावं, चित्रपटातल्याच दृश्यांवर कुठे जागा मिळेल तिथे बसवलेली. त्यातला प्रत्येक आभार खरा असेल, त्यामागे कुणाची तरी मदत असेल. पण तेवढ्या वेळात प्रेक्षकाच्या नाडीचा ठोका कुठल्याही गोष्टीला लागत नाही. ज्या भाषेत कीर्तनकार आख्यान लावण्याआधी नमन आणि पूर्वरंगात श्रोत्याची लय जुळवून घेतो, जिथे तमाशात गण-गौळण झाल्याशिवाय वग उभा राहत नाही, तिथल्या दिग्दर्शकांना हे नव्यानं शिकायचं नाही. महागडं ॲनिमेशनही लागत नाही. 'मालगुडी'ची चित्रं हललीही नव्हती. संकलन पुरं व्हायच्या आधी संगीतकार, चित्रकार आणि दिग्दर्शक एका खोलीत बसावेत, आणि चित्र कसं दिसेल हे ठरवण्यापूर्वी नायकाच्या एका पावलाला किती फ्रेम द्यायच्या, यावर त्यांनी भांडावं. बारा की सोळा?